धोंड्याच्या वाटेवर साडूचा कॅमेरा

बीड

बीड जिल्ह्यात ज्यांना कुणाला जायचं असेल त्यांनी खुशाल जावं, पण साडूच्या गाडीतून जाऊ नये. जावंच लागलं तर साडूनं नवीन काही घेतलेलं नाही ना, याची आधी खात्री करून घ्यावी.

यंदा अधिक महिना आला तो ऐन उन्हाळ्यात. अधिक म्हणजे धोंड्याचा महिना, आणि धोंड्याचा महिना म्हणजे जावयांचा. आमच्या कराडकडेही अधिकात जावयाला बोलावतात, जेवू घालतात, शर्टपीस हातात ठेवतात आणि संध्याकाळच्या गाडीला बसवून देतात. माझी सासुरवाडी परळी तालुक्यातली, धर्मापुरीची. तिथं एवढ्यावर भागत नाही. पाय धुतात, ओवाळतात, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून समोर ठेवतात आणि 'पुरे' म्हटलं की रागावतात.

त्या घरात आणखी एक रीत आहे, ती मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. माझे सासरे एसटीत ड्रायव्हर होते. आम्ही जावई त्यांना मामा म्हणतो. जिल्ह्यातले रस्ते त्यांनी उभा जन्म तुडवले. आता गुडघे गेले, ओसरी सोडून ते लांब जात नाहीत. म्हणून जेवणं झाली की जावयानं रस्ता सांगायचा. कुठून निघालो, काय दिसलं, चहा कुठं घेतला, कोण काय बोललं. मामा डोळे मिटून ऐकतात, ओसरीवर गल्ली जमते. हा मान थोरल्या जावयाचा, म्हणजे माझा.

खोटं कशाला बोलू, धोंड्यांपेक्षा मला त्याचीच गोडी जास्त. एका पेपरच्या रविवार पुरवणीत मी प्रवासाचं लिहितो; ती धर्मापुरीपर्यंत पोचत नाही. ते लेख कोण वाचतं आणि त्यात कोण भजी बांधतं, हे मला कधी कळलेलं नाही. धर्मापुरीच्या ओसरीवर मात्र समोरचा माणूस हसताना दिसतो. मी कंडक्टरची नक्कल केली की मामांचं पोट हलतं. त्या एका संध्याकाळसाठी मी एका अधिकापासून दुसऱ्या अधिकापर्यंत वाट बघतो.

बायको सुलभा आधीच माहेरी गेली होती. मी निघायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर जरा चाचरत म्हणाली, "अहो, बाबा म्हणतायत, यंदा रस्ता सांगायची गरज नाही. सुदामरावांच्या कॅमेऱ्यात सगळं दिसणार आहे म्हणे. टीव्हीवर लावणार आहेत."

मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. चहा पुढ्यात होता, तो प्यायलाच नाही.

सुदामराव म्हणजे सुलभाच्या धाकट्या बहिणीचे, मीनाचे, यजमान. माझे साडू. बीडला त्यांचं खताबियाण्याचं दुकान आहे. बुटके, गोल, कायम हसरे. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तसं वाटायची शक्यता आहे. तर या सुदामरावांनी गाडीच्या पुढच्या काचेला आतून लावायचा कॅमेरा घेतला होता. गाडी चालू झाली की रस्त्याचं चित्रीकरण आपोआप करणारा. डॅशकॅम म्हणतात त्याला. तसले कॅमेरे हल्ली टॅक्सीवालेही लावतात, पण हा त्यातला नव्हे. हा फार वरचा. देशभरच्या पेपरवाल्यांनी याची तोंड भरून स्तुती केलेली. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. फुकटची जाहिरात मी कशाला करू?

माझ्या पोटदुखीचं खरं कारण आणखी वेगळं आहे. मध्यंतरी एका रविवारी माझा लेख यायचा होता. सकाळी सकाळी पुरवणी उघडली, तर माझ्या जागेवर, माझ्या नेहमीच्या चौकटीत, याच कॅमेऱ्याची तारीफ! वर मथळा, 'रस्त्याचा खरा साक्षीदार'. संपादकांना फोन केला तर म्हणाले, "तुमचं पुढच्या रविवारी घेऊ की. प्रवासवर्णन काय, शिळं थोडंच होतंय." आता सांगा! मी जन्मभर रस्ते लिहिले, माझ्याबद्दल कुणी दोन ओळी लिहिल्या नाहीत. आणि काचेला चिकटवलेल्या एका काळ्या डबीला अर्धं पान!

बीडच्या स्टँडवर उतरलो तर सुदामराव हात हलवत उभे. "या दादा, या! लई वाट बघाय लावली एसटीनं." माझी पिशवी त्यांनी हिसकावूनच घेतली. गाडीत बसतो न बसतो तोच समोरचा खण उघडून त्यांनी कात्रणं बाहेर काढली. सगळी प्लास्टिकमध्ये घालून घेतलेली, लग्नाच्या फोटोंसारखी.

"ऐका दादा. हे मुंबईच्या पेपरातलं. 'अंधारातसुद्धा समोरच्या गाडीचा नंबर वाचता येतो.' हे दिल्लीच्या मासिकातलं, मीनानं मराठी करून दिलंय. 'आपल्याकडची धूळ, ऊन आणि खड्डे या सगळ्यांना पुरून उरणारा.' आन् हे तुमच्याच पेपरातलं! तुमाला म्हाईत असंलच."

"वाचलंय," मी म्हणालो.

"मंग? कसं लिवलंय?"

"बरं लिहिलंय."

ते वाचत राहिले आणि मी खिडकीबाहेर बघत हं हं करत राहिलो. एका शब्दाकडे लक्ष दिलं नाही. दुसऱ्याची स्तुती ऐकायला माणसाला जो कान लागतो, तो देवानं मला दिलेलाच नाही.

लिंबागणेश

परळी एकीकडे आणि आम्ही निघालो दुसरीकडे. मी विचारलं तर सुदामराव म्हणाले, "नवी वस्तू आदी गणपतीला दाखवल्याबिगर पाव्हण्यांच्या घरी कशी न्यायची?"

"गाडी तर जुनीच आहे."

"गाडी जुनी हाय, कॅमेरा नवा न्हाई का!"

मांजरसुंब्याचा घाट लागला. बालाघाटचे डोंगर या दिवसांत अगदी उघडे पडतात. सीताफळीची झुडपं वाळून काटक्या झालेली, खडकांचा रंग भाजलेल्या भाकरीसारखा, आणि वरच्या पठारावर पवनचक्क्या, कामाला नेमल्यासारख्या पण वाराच नसल्यानं नुसत्या उभ्या. एका वळणावर बाभळीच्या सावलीत सगळ्या शेळ्या एकावर एक रेलून बसल्या होत्या आणि राखणदार म्हातारा उन्हात. हे ओसरीवर सांगायचं म्हणून मी मनात शब्द जुळवायला लागलो. तेवढ्यात वर नजर गेली. आरशाच्या आडून त्या डबीचा निळा दिवा लुकलुकत होता. माझ्या शेळ्या तिनंही टिपल्या होत्या. माझा म्हातारासुद्धा. मी तोंड वळवून डोळे मिटून घेतले.

लिंबागणेशचं देऊळ छान आहे, शांत आहे. आमच्याकडे देवळाबाहेर गाडीची पूजा म्हणजे हार, नारळ, चाकाखाली लिंबू, झालं. इथले गुरुजी मात्र तब्येतीनं करणारे. त्यांनी चारी चाकांना गंध लावलं, बॉनेटवर अक्षता टाकल्या आणि मग कंबरेवर हात ठेवून विचारलं, "कॅमेरा कुठाय म्हणालात?"

सुदामरावांनी दाखवला.

"हा काय काय दाखवतो?"

"म्होरचं सगळं दाखवतो गुरुजी."

"आणि मागचं?"

"मागचं न्हाई दावत."

"मग मागचं गणपतीवर सोडा." गुरुजींनी देवाच्या अंगचा शेंदूर तेलात कालवून वाटीत आणला होता. "याला कुठं लावायचा?"

"बाहीरनं काचंवरच काढा की स्वस्तिक. बरोब्बर त्याच्या म्होरं. त्याला बी दर्शन घडंल."

गुरुजींचा अंगठा उदार होता. स्वस्तिक चांगलं तळहाताएवढं आलं, त्यात पुन्हा चार ठिपके. सुदामरावांनी हात जोडले, मीही जोडले. गाडीत बसल्यावर ते आरशाच्या मागं जात होतं, आमच्या दोघांच्याही नजरेला पडत नव्हतं. त्यामुळे त्याचा पुढं कुणी विचार केला नाही.

सुदामरावांना अभिषेक करायचा होता. "दादा, ऊन लई हाय. गाडी चालू ठिवतो, एसीत बसा निवांत." ते आत गेले. मी दार लावून घेतलं आणि सुलभाला फोन लावला. सकाळपासून जे घशात अडकलं होतं ते सगळं बाहेर आलं.

"देवदर्शन चाललंय तुझ्या मेव्हण्याचं. कॅमेऱ्याला! जन्मभर युरिया विकला आणि आता सिनेमा काढायची हौस आलीय."

"हळू बोला," सुलभा म्हणाली.

"कुणी नाहीये इथं. आणि तुझे बाबा! त्यांना काय, चमकणारं काहीतरी दाखवलं की झालं. लहान पोरासारखं झालंय त्यांचं. इतकी वर्षं मी घसा कोरडा केला, ते डोळे मिटून ऐकत होते की झोपत होते देव जाणे. माझी किंमत एका डबीएवढी? पुढच्या धोंड्याला मी पाय ठेवणार नाही त्या घरात. तुला जायचं तर तू जा आणि त्या सुदाम्याच्या डबीलाच ओवाळ!"

ती काहीतरी समजुतीचं बोलली. मी फोन ठेवला. मग एकदम मोकळं वाटलं आणि गार हवेत मी गाणंही गुणगुणलो.

सिरसाळा

परत बीड ओलांडून वडवणी, तेलगाव. सुदामराव जिथं थांबतील तिथं कॅमेरा दाखवणार. तेलगावच्या हॉटेलवाल्यानं काचेला नाक लावून बघितलं आणि विचारलं, "म्हंजी पोलिसानं अडीवलं तर त्येचं बी शूटिंग व्हतं का काय?"

"व्हतं की!"

"मंग लई वंगाळ मशीन हाय बाबा," तो म्हणाला आणि चहाचे पैसे घ्यायला विसरला. सुदामरावांनी बळंच दिले. मला हा प्रसंग फार आवडला होता, ओसरीवर तो रंगला असता. पण माझ्या ओसरीचं आता काय राहिलं होतं?

तेलगाव सोडल्यावर डोळ्यांना जरा बरं वाटतं. काळी नांगरलेली रानं, ढेकळं उन्हात चमकणारी, आणि मध्येच कालव्याच्या पाण्यावरचा हिरवागार पट्टा. सिरसाळ्याला पोचलो तेव्हा जेवायची वेळ झाली होती. गाव मोठं, शेतमालाच्या बाजाराचं. दुकानांपुढं बियाण्याच्या पोत्यांची थप्पी, त्यावर टेकून माणसं पावसाचा अंदाज सांगत बसलेली. सुदामरावांना निम्मा बाजार ओळखत होता. मला कुणीच ओळखत नव्हतं.

खानावळीत ज्वारीची भाकरी आणि येसर आमटी. ही येसराची आमटी आमच्याकडे नाही. धान्यं आणि मसाले भाजून त्यांचं पीठ करून ठेवतात, ते फोडणीच्या पाण्याला लावलं की आमटी होते. दिसायला गरीब, पण दुसऱ्या घासाला नाकातून पाणी काढते. कराडची कटाची आमटी हिच्यापुढं अगदी शाळकरी. पोट भरल्यावर माझा राग जरा उतरला, हे खरं.

मामींसाठी आंबे घ्यावेत म्हणून मी बाजारात गेलो. सुदामराव गाडीतच थांबले. "मी तवर मोबाइलवर बघतो शूटिंग कसं आलंय ते." मी आंबेवाल्याशी घासाघीस केली, केशरची एक पेटी उचलून आणली. परत आलो तर सुदामराव स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसलेले. मोबाइल मांडीवर पालथा.

"काय हो? कसं आलंय?"

"आं? हां. येतंय." त्यांनी माझ्या हातातून पेटी घेतली, मागच्या सीटवर ठेवली. "ऊन लई हाय दादा. बसा."

त्यानंतर माणूस गप्प. सिरसाळ्यापासून परळीपर्यंत कात्रण नाही, कॅमेरा नाही, काही नाही. मला वाटलं, येसर बाधला. परळीच्या वीज केंद्राच्या उंच चिमण्या दिसायला लागल्या, वैद्यनाथाला आम्ही गाडीतूनच हात जोडले. गप्प बसून कंटाळा आला म्हणून मी खणातलं एक कात्रण काढलं. आमच्याच पुरवणीतलं, माझ्या जागेवरचं. त्या दिवशी रागानं मथळ्यापुढं वाचलंच नव्हतं. आता वाचलं, आणि शेवटच्या परिच्छेदात अडखळलो.

'या कॅमेऱ्याचं सर्वांत मोठं वैशिष्ट्य म्हणजे आवाज. गाडीच्या आतली कुजबुजसुद्धा तो स्वच्छ टिपतो.'

मी ते पुन्हा वाचलं. लिंबागणेशला गाडी चालू होती. निळा दिवा लुकलुकत होता. युरिया, सिनेमा, लहान पोर, डबीला ओवाळ. सगळं. आणि हे आता संध्याकाळी टीव्हीवर लागणार, मामांच्या ओसरीवर, गल्लीसमोर. त्या घरातला थोरला जावई म्हणून माझा जो काही मान होता तो एका फटक्यात संपणार. आणि तोही ज्यांच्या पायाशी बसून मी मान मिळवला, त्यांनाच लहान पोर म्हटल्यापायी.

"सुदामराव," माझा आवाज मलाच बारीक वाटला, "यात आवाजही येतो का हो?"

त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "पेपरवाले काय दादा, काई बी लिवतात."

मला त्यातून धड दिलासाही मिळेना.

धर्मापुरी

दारात मामी पाण्याची घागर घेऊन उभ्या. आधी माझे पाय धुतले, मग सुदामरावांचे. आधी मला ओवाळलं, मग त्यांना. एरवी मी या क्रमावर मनातल्या मनात खूश होत असतो. आज वाटत होतं, ओवाळा मामी, शेवटचंच ओवाळताय.

ताटात धोंडे, आमरस, कुरडया, पुन्हा येसर. मी धोंडा चिमटीनं कुस्करत बसलो.

"घ्या की जावईबापू," मामी म्हणाल्या, "असं चिमणीवानी काय खाताय?"

"उन्हानं जरा..."

"उन्हाला धोंडाच पायजे."

मामांकडं बघवत नव्हतं. त्यांनी दाढी केली होती, धुतलेला सदरा घातला होता. दर खेपेला ते भिंतीला टेकून ओसरीवर बसतात. आज खुर्ची टीव्हीसमोर आणून ठेवली होती आणि धोतराच्या टोकानं चष्मा पुसून पुसून ते तो दिव्याकडं धरत होते. "सुदामराव, कवा लावता? मला मांजरसुंब्याचा घाट बघायचाय. लई वर्सं झाली बघा घाट बघून."

ते ऐकून तेवढ्या भीतीतही माझा हेवा जागा झाला. मी सांगायचो तेव्हा हा माणूस डोळे मिटायचा. आज चष्मा पुसत होता.

दिवे लागले, गल्ली जमली. मीनानं मोबाइल टीव्हीला जोडला. मी दाराच्या कडेला बसलो, म्हणजे उठून जायला बरं. सुलभा माझ्याकडं बघत होती. तिला काय कळलं होतं आणि काय नाही, कोण जाणे.

पडदा उजळला आणि सगळीकडं शेंदरी. कडेला उजेडाची एक फट, तीही हलणारी. बाकी रस्ता नाही, डोंगर नाही, काही नाही. मामा खुर्चीतून पुढं वाकले, मागं झाले, पुन्हा वाकले.

"सुदामराव, हे गणपतीच्या पोटातनं काढलंय का काय?"

ओसरी फुटली हसून. सुदामराव उभेच होते, कान लाल झालेले. "शूटिंगचं कार्ड पूजा झाल्यावरच घातलं मामा, आन् तवर गुरुजींनी काचंवर स्वस्तिक काढलेलं. बरोब्बर डोळ्यावर आलं त्येच्या. सिरसाळ्यात शेंदूर पुसून बघितला, तर तेलानं तिथंच आजून पसरला."

मी श्वास सोडणार तेवढ्यात मीनानं रिमोट उचलला. "चित्र न्हाई तर न्हाई. आवाज तर आसंल की! आवाजाचंच लई चांगलं लिवलंय पेपरात. दाजी, तुमच्याच पेपरात ना?"

सुदामराव दोन ढांगांत तिच्याजवळ गेले आणि तिच्या हातातून रिमोट काढून घेतला.

"आवाज बी आलेला न्हाई."

"आसं कसं? परवा तर घरी..."

"न्हाई म्हणलं ना!"

या माणसाचा चढा आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता. सुदामराव मामांकडं वळून हसले. "फसीवलं मामा मशीननं. पेपरात वाचून घ्यायची वस्तू न्हाई ही. शेंदूर पुसला तर जाईल, पण आतनंच बोगस निघालं तर काय करता?"

"जाऊ द्या हो," मामा म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला. खुर्चीतून हळूहळू उठून ओसरीच्या भिंतीला टेकून बसले आणि डोळे मिटले. "मंग काय, थोरल्यांनी सांगावं."

काय सांगू तुम्हाला! वाचलो तर वाचलो, वर गादीही परत मिळाली. त्या संध्याकाळी मी जसा बोललो तसा कधी बोललो नसेन. घाट सांगितला, शेळ्या सांगितल्या, उन्हातला म्हातारा सांगितला, तेलगावच्या हॉटेलवाल्याची नक्कल केली. आणि मग कॅमेऱ्याला धरलं. कात्रणं कशी प्लास्टिकमध्ये घातलीयत, गुरुजींचा अंगठा कसा उदार, मशीनला दर्शन कसं घडवलं! "मुंबईच्या पेपरानं लिहिलंय, अंधारातलं दिसतं. शेंदरातलं दिसतं असं त्या बिचाऱ्यानं कुठं लिहिलंय?" मामांचं पोट गदागदा हलत होतं. शेजारच्या बाया पदर तोंडाला लावून उठून गेल्या. सगळ्यांत जास्त सुदामराव हसत होते, डोळे पुसत पुसत. सुलभा तेवढी हसली नाही. मी तिकडं लक्ष दिलं नाही. मला त्या संध्याकाळी जगातल्या कुणाचाही हेवा वाटत नव्हता.

परत

सकाळी केदारेश्वराचं जुनं देऊळ बघून घेतलं. बाहेरच्या भिंतीवर दगडातल्या मूर्ती, एकीचा हात तुटलेला, पण कमरेतली लचक अजून शाबूत. ज्यानं घडवली त्याचं नाव कुठं नाही, त्याच्याबद्दल कुणी अर्धं पान लिहिलेलं नाही. मला त्याच्याबद्दल आपलेपणा वाटला.

बायका आठवडाभर माहेरीच राहणार होत्या, त्यामुळे परतीला आम्ही दोघंच. सुदामरावांनी पहाटेच काच धुऊन लख्ख केली होती. निळा दिवा मात्र बंद. मी खुशीत होतो आणि खुशीत माझी जीभ सुटते. परळी मागं टाकेपर्यंत मी त्यांना सोडलं नाही.

"काय सुदामराव, कळवा आता पेपरवाल्यांना. चित्र शेंदरी, आवाज गायब. म्हणे कुजबुजसुद्धा टिपतो! मी संपादकांनाच सांगणार आहे. माझी जागा दिली ती कुणाला, तर एका मुक्या डबीला."

सिरसाळ्यात येऊन त्यांनी गाडी एका कडुलिंबाखाली उभी केली. मोबाइल काढला, काहीतरी उघडलं आणि माझ्या हातात दिला.

"दादा, मला पुसाय येत न्हाई ह्यातलं. मीनाच करती सगळं. तिला सांगितलं आस्तं तर तिनं आदी ऐकलं आस्तं. म्हणून तसंच ठिवलंय. तुमीच पुसा."

"काय पुसू?"

"समदे तुकडे सारखेच शेंदरी हायत. ऐकल्याबिगर कळायचं न्हाई लिंबागणेशचा कुठला ते. ऐका आन् पुसा. मी चहा आणतो तवर."

दार लावून ते गेले. काचा बंद होत्या. मी एकेक तुकडा लावत गेलो. दोन-तीन नुसते इंजिनाचे. मग दार लावल्याचा आवाज, आणि मी.

पेपरवाल्यांनी एक अक्षर खोटं लिहिलेलं नव्हतं. माझा आवंढा गिळल्याचा आवाज येत होता. 'युरिया' म्हणताना मी किती चावून म्हणालो होतो तेही येत होतं. सुलभाचं फोनमधलं 'हळू बोला' हेसुद्धा बारीक, पण स्पष्ट. 'लहान पोरासारखं झालंय त्यांचं.' 'डबीलाच ओवाळ.' आणि सगळं संपल्यावर माझं ते समाधानाचं गुणगुणणं. काल इथंच, याच गाडीत, मी आंब्यांची घासाघीस करत असताना त्या माणसानं हे सगळं ऐकलं होतं. मग माझ्या हातातली पेटी घेऊन मागं ठेवली होती. आणि संध्याकाळी भरल्या ओसरीवर स्वतःच्या लाडक्या वस्तूला बोगस म्हणाला होता, आणि मी तेवढ्यावर नक्कल रंगवली होती.

शेवटपर्यंत ऐकलं आणि पुसलं.

ते दोन पेले घेऊन आले. मी खाली उतरलो. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी चहा पुढं केला.

"झालं का?"

"झालं."

"बास मंग. मामांनी ऐकलं आस्तं तर म्हाताऱ्याच्या जिवाला लागलं आस्तं, येवढंच. आपलं काय, आपुन साडू साडू." ते बॉनेटला टेकले. चहा फुंकत त्यांनी त्या काचेकडं बघितलं. मग जरा लाजून म्हणाले, "दादा, एक मागणं हाय. ह्या खेपंचं पेपरात लिवणार आसाल ना तुमी?"

"लिहीन."

"त्यात तेवढं लिवा, की आवाज चांगला येतो म्हणून. माझ्यापायी मशीनला उगं डाग लागला. तिचा काय दोष?"

मी मान हलवली. मला आजवर त्यांच्या गाडीचा, दुकानाचा, बाजारातल्या ओळखीचा, कॅमेऱ्याचा हेवा वाटत आला. सिरसाळ्याच्या लिंबाखाली जो वाटला तो त्यापेक्षा कितीतरी मोठा होता, आणि तो अजून उतरलेला नाही.

तर वाचकहो, शब्द दिला होता म्हणून लिहितो. कॅमेरा उत्तम आहे. गाडीतली कुजबुजसुद्धा तो स्वच्छ टिपतो, मी स्वतः ऐकली आहे. कंपनीचं नाव मात्र लिहीत नाही. तेवढं अजून माझ्याच्यानं होत नाही.